फिफ्थ व्हीलचा झटका पुन्हा पुन्हा येतोय? नवीन घ्यायच्या आधी ट्रेलरची किंगपिन मोजा

मागच्या दिवाळीपासून आमच्या एका ४० फुटी ट्रेलरचा झटका काही केल्या जात नव्हता. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून धाडकन दणका, ब्रेक मारला की परत एक, आणि ब्रेकरवरून गेली की खालून खटखट. गाडी भिलाईहून पोलादी पत्र्याची कॉइल घेऊन नागपूरजवळ हिंगण्याला येते, आठवड्याला दोन खेपा, तेव्हा ड्रायव्हरच्या कंबरेचं काय होत असेल ते ज्यानं घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) चालवला आहे त्याला मी वेगळं सांगत नाही.

आधी फिफ्थ व्हीलची ढिलाई काढायचा अॅडजस्टिंग बोल्ट कसला, पंधरा दिवस बरं चाललं. मंग जॉ (पिन पकडणारा जबडा) आणि वेअर रिंग (झिजण्यासाठीच दिलेलं कडं) यांची किट टाकली, दोन महिने निघाले. मंग मिस्त्री म्हणाला "भाऊ, फिफ्थ व्हीलच गेलं, आता नवीनच टाका", तर तेही टाकलं, चांगल्या कंपनीचं, पक्क्या बिलाचं, आणि अडीच महिन्यात तोच दणका परत आला. तेव्हा मात्र मी गाडी चार दिवस उभी केली, भाडं सोडलं आणि स्वतः खाली शिरलो, कारण इतकी जड वस्तू अडीच महिन्यात झिजत नसते, तिला दुसरं कोणीतरी झिजवून राहिलं होतं. ते काय निघालं आणि नवीन फिफ्थ व्हील निवडताना काय काय मोजायला पाहिजे होतं ते सगळं इथं लिहितो, कारण कापसी-पारडीपासून वाडीपर्यंत ज्याला विचारलं त्याची गाडी हीच तक्रार करते आणि प्रत्येक जण फक्त किट बदलून राहिला आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. घोड्याच्या पाठीवर जी गोल, मधे चीर असलेली जाड लोखंडी थाळी असते ती फिफ्थ व्हील, आपल्याकडे बरेच जण तिला टर्नटेबलही म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या भागात खाली एक सपाट प्लेट असते आणि तिच्यातून जो दांडा लोंबतो तो किंगपिन. पिन चिरेतून आत गेली की जॉ तिला मागून पकडतो. पाचवं चाक हे नाव घोडागाडीच्या जमान्यातलं आहे, पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवं गोल चाकासारखं कडं बसवायचे, चार चाकं रस्त्यावर आणि हे पाचवं. पण मुद्दा असा की फिफ्थ व्हील एकटं काही करत नाही, ते जोडीतलं अर्धं अंग आहे. दुसरं अर्धं अंग ट्रेलरला चिकटलेलं असतं आणि त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही.

पहिलं काम, झटका नेमका कुठून येतो ते शोधा. याला पैसे लागत नाहीत, दोन माणसं आणि एक टॉर्च लागतो. ट्रेलर खाली करा, सपाट जागेवर लावा, ट्रेलरचा हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूनं गुटके लावा. आता ड्रायव्हरला सांगा की घोडा अगदी हळू पुढे मागे हलव, नुसता दाब दे, गाडी चालवायची नाही. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून टॉर्च मारून बघायचं, हात किंवा डोकं प्लेट आणि चासीच्या मधे अजिबात घालायचं नाही, इंजिन चालू आहे हे विसरू नका. तीन जागा बघायच्या. ट्रेलरची प्लेट आणि फिफ्थ व्हीलची थाळी एकमेकांवर सरकतात का? तसं असेल तर ढिलाई जॉ आणि किंगपिनमधे आहे. थाळी आणि तिच्या खालचे दोन ब्रॅकेट यांच्यात हालचाल दिसते का? मंग ब्रॅकेटचे बुश किंवा रबर पॅड गेले. आणि पूर्ण फिफ्थ व्हीलच ब्रॅकेटसकट चासीवर हलतं का? तर माउंटिंगचे बोल्ट ढिले आहेत किंवा सब-फ्रेम तडकली आहे, आणि हे सगळ्यात वाईट, अशी गाडी त्याच जागी उभी ठेवा. बोल्ट ढिला असला की त्याच्या भोवती लालसर गंजाची धूळ दिसते, पेंट रेषेनं उडालेला असतो, ती खूण लक्षात ठेवा.

तिन्ही जागी काहीच हललं नाही तर फिफ्थ व्हीलला दोष देऊ नका. झटका फक्त ब्रेक मारतानाच येतो, उचलताना नाही, असं असेल तर बहुतेक वेळा ट्रेलरचा ब्रेक उशिरा लागून राहिला असतो, घोडा आधी थांबतो आणि मागचा माल त्याला ढकलतो. ट्रेलरचे स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकची ढिलाई काढणारे), ब्रेकला हवा सोडणारा रिले व्हॉल्व्ह, घोड्यातून ट्रेलरला हवा नेणाऱ्या सुझी पाईपमधली गळती, हे आधी बघा. फक्त उचलतानाच झटका असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि इंजिनचे माउंटिंग बघून घ्या. आमच्याकडे एका ओळखीच्या मालकानं दोन वेळा किट बदलली आणि शेवटी निघाला क्रॉस.

आमच्या गाडीत हालचाल पहिल्या जागी होती, म्हणजे जॉ आणि पिन. आता इथं बहुतेक मिस्त्री लगेच अॅडजस्टिंग बोल्ट कसतात. कसायला हरकत नाही, तो त्यासाठीच दिला आहे, पण कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की इथपर्यंत कसा आणि मंग इतके आटे मागे घ्या, ते मागे घेणं कोणी करत नाही. गच्च कसलं की झटका जातो खरा पण लॉक पूर्ण बंद व्हायला जागा राहत नाही, आणि अर्धवट बंद लॉक म्हणजे ट्रेलर रस्त्यात सुटायची तयारी.

मी आधी पिन मोजली. ट्रेलर लँडिंग लेगवर (पुढच्या टेकूंवर) उभा केला, घोडा बाहेर काढला, पिनवरचं ग्रीस डिझेलनं आणि पोत्याच्या तुकड्यानं पुसून काढलं, पांढरा धातू दिसेपर्यंत. आपल्या नेहमीच्या ट्रेलरला दोन इंची पिन असते. ती वर जाड, मधे बारीक आणि खाली परत टोपीसारखी जाड असते. मधल्या बारीक मानेचा व्यास नवीन असताना ५०.८ मिमी आणि वरच्या जाड भागाचा ७३ मिमी. मान ४९ पर्यंत किंवा वरचा भाग ७१ पर्यंत आला की पिन संपली, बदलायची. व्हर्नियर (व्यास मोजायचं माप) एकाच जागी लावू नका, पिन गोल झिजत नाही, ओढ पुढे मागे असल्यामुळे ती लंबगोल होते, म्हणून पुढून-मागून एकदा आणि आडवं एकदा, दोन्ही घ्या आणि जे कमी येईल ते धरा. आमची मान पुढे-मागे ५०.१ भरली, आडवी ५०.६. म्हणजे पिन चांगलीच होती आणि पिन झिजली असेल हा माझा अंदाज इथं चुकला होता.

मंग जॉ बाहेर काढून उजेडात बघितला, आणि इथं खरं काय ते दिसलं. जॉच्या आतल्या बाजूचा वरचा भाग काळाच होता, कारखान्यातून आला तसा, आणि खालची कड मात्र आरशासारखी चमकत होती, तिच्यावर बोटाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या. म्हणजे जॉ पिनच्या मानेला पूर्ण उंचीत धरतच नव्हता, फक्त खालच्या कडेनं पिनच्या टोपीला धरत होता. एवढ्या मोठ्या ओढीचा भार चार-पाच मिमीच्या कडेवर येत असेल तर ती कड किती दिवस टिकेल?

मी स्केल घेऊन प्लेटपासून पिनच्या टोकापर्यंतची लांबी मोजली. दोन इंची पिन प्लेटच्या खाली साधारण ८४ मिमी लोंबायला पाहिजे, ८२.५ पर्यंत चालते. आमची ७८.५ भरली.

पिन काही आखूड होत नाही, मंग प्लेट जाड झाली असली पाहिजे. हातोडीनं वाजवून पाहिली तर मधे बद्द आवाज, कडेला खणखणीत. ड्रायव्हरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही मागच्या गणपतीत गावी होते नं, तेव्हा प्लेटले खड्डे पडले म्हणून त्या वर्कशॉपवाल्यानं खालून एक पत्रा मारून देला होता." पाच मिमीचा पत्रा, जुन्या प्लेटच्या खालून, चारी बाजूनं वेल्डिंग. काम दिसायला एकदम साफ होतं, वेल्डिंग घासून सपाट केलेलं, म्हणून मला कधी शंका आली नाही. पण त्या पाच मिमीनं पिन पाच मिमी आखूड केली, तिची मान तेवढी वर गेली आणि जॉ तिच्या जागेवर बसेनासा झाला. हँडल पूर्ण आत जात नव्हतं, ड्रायव्हर ते हातोडीचा एक फटका मारून बसवत होता. त्यानं अडीच महिने मला सांगितलं नाही कारण त्याला वाटलं नवीन फिफ्थ व्हील कडक असेल. त्याला मी दोष देत नाही, नवीन वस्तू कडक असते हे आपणच त्यांना सांगत आलो. पण हातोडीनं बसवलेलं लॉक घेऊन ती गाडी २५ टनाची कॉइल लादून देवरी-साकोलीच्या रस्त्यानं धावत होती हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

हीच गोष्ट उलटी पण होते. दोन इंची किंगपिन सरसकट एकच नसते, ती प्लेटच्या जाडीप्रमाणे येते, ८ मिमी प्लेटसाठी वेगळी, १० साठी वेगळी, १२ साठी वेगळी. दुकानात जाऊन "दोन इंची पिन द्या" म्हटलं की समोर असेल ती देतात. १२ च्या प्लेटची पिन ८ च्या प्लेटला बसवली तर ती चार मिमी जास्त लोंबते, जॉ मानेच्या वरच्या जाड भागावर अडतो, आणि ब्रेकरवर खटखट सुरू. बाहेरून दोन्ही पिना सारख्याच दिसतात, व्यास पण सारखा, म्हणून व्यास मोजून समाधान मानू नका, लोंबणारी लांबी मोजा, सरळ पट्टी प्लेटला टेकवून. तीच पट्टी प्लेटवर आडवी-उभी फिरवून बघा की प्लेट सपाट आहे का, मधे फुगली असेल तर फिफ्थ व्हीलच्या थाळीचा फक्त मधला भाग घासला जातो आणि वळणावर ट्रेलर डुलतो.

आम्ही काय केलं: जुनी प्लेट पत्र्यासकट कापली, ट्रेलर बांधणाऱ्याकडून, साध्या वेल्डरकडून नाही. १० मिमीची नवीन सपाट प्लेट टाकली, १० मिमीचीच पिन घेतली, बोल्ट सगळे नवे. जॉ आणि वेअर रिंगची किट नवी. फिफ्थ व्हीलची थाळी चांगली होती, ती तीच ठेवली. एक कळकळीची विनंती आहे, झिजलेल्या किंगपिनवर वेल्डिंग भरून लेथवर उतरवून घेऊ नका, कितीही पैसे वाचत असले तरी. पिन मिश्र पोलादाची, घडवून आणि पाणी देऊन कडक केलेली असते, वेल्डिंगची आच लागली की ती गुणानं बिघडते आणि आतून तडकते, आणि ती तड तुम्हाला ट्रेलर सुटल्यावरच दिसेल. मला हे काम स्वस्तात करून देणारे दोघे भेटले होते, दोघांनाही नाही म्हटलं.

आता ज्यांना खरंच नवीन फिफ्थ व्हील घ्यायचं आहे त्यांच्यासाठी, कारण मी जे घेतलं ते मिस्त्रीच्या सांगण्यावरून घेतलं होतं, मोजून नाही, आणि ते योग्य निघालं हे नशीब.

आधी पिनचा आकार. दोन इंची की साडेतीन इंची. नेहमीच्या ट्रेलरला, कंटेनर, कॉइल, सिमेंट, दोन इंचीच असते. साडेतीन इंची, म्हणजे ८९ मिमीची, पुलरच्या (अतिजड माल ओढणाऱ्या घोड्याच्या) आणि जड मशिनरी नेणाऱ्या लो-बेड ट्रेलरच्या कामाची, ती ८६ वर संपते. दोन इंची पिन साडेतीनच्या फिफ्थ व्हीलमधे कधीच घालायची नाही, ती आत जाईल, वरून बसल्यासारखी दिसेल आणि पहिल्या उतारावर निघून येईल. जुना सेकंडहँड घोडा घेत असाल तर हे स्वतः मोजून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

मंग ताकद. फिफ्थ व्हीलच्या बाजूला एक छोटी पाटी असते, तिच्यावर दोन आकडे असतात, एक यू म्हणजे वरून किती टन भार झेलेल, आणि एक डी, किलोन्यूटनमधे, म्हणजे आडवी ओढ किती झेलेल. लोक फक्त टन बघतात. डी काढायची रीत सोपी आहे: ०.६ गुणिले ९.८१ गुणिले घोड्याचं भारासकट वजन गुणिले ट्रेलरचं पूर्ण वजन, आणि याला भागायचं दोन्हीच्या बेरजेतून वरचा भार वजा करून. आमची गाडी ४ बाय २ (दोन अॅक्सलचा) घोडा आणि तीन अॅक्सलचा ट्रेलर. जुलै २०१८ मधे अॅक्सलचं वजन वाढलं तेव्हापासून पुढचा अॅक्सल ७ टन, मागचा चार टायरचा ११.५, ट्रेलरचे तीन मिळून २७, एकूण ४५.५. घोडा रिकामा ७ टन धरला तर भारासकट १८.५, वरचा भार ११.५, ट्रेलर मालासकट ३८.५. हिशोब केला तर डी येतो ९२ च्या आसपास. तेच ५५ टनाच्या गाडीला, दहा चाकी घोडा, रिकामा ९ टन, भारासकट २८, वरचा भार १९, ट्रेलर ४६, तर डी जातो १३८ वर. बघा किती फरक आहे. ४६ टनी गाडीवरून काढलेलं फिफ्थ व्हील ५५ टनीवर टाकताना पाटी वाचा, आणि पाटीच नसेल तर घेऊ नका. आणि हा सगळा हिशोब पासिंगच्या वजनाचा आहे, जास्त भरून चालवणाऱ्याला कोणताच हिशोब लागू नाही.

मंग उंची, आणि ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकते. फिफ्थ व्हील वेगवेगळ्या उंचीचं मिळतं, १५०, १८५, २५० मिमी असं. ट्रेलर सपाट उभा असताना त्याची प्लेट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, घोड्याची चासी मागे जोडल्यावर किती उंच राहते ते मोजा, मधला फरक तुमच्या फिफ्थ व्हीलनं आणि खालच्या माउंटिंग प्लेटनं मिळून भरायचा आहे. जास्त उंच घेतलं तर ट्रेलरचं नाक वर जातं, भार मागच्या अॅक्सलवर सरकतो आणि शेवटच्या जोडीचे टायर लवकर जातात. कमी उंच घेतलं तर नाक खाली आणि वळताना ट्रेलरचा खालचा भाग चासीला किंवा मडगार्डला घासतो. टायरचा साइज बदलला असेल तर उंची परत मोजा, हे माझ्या दुसऱ्या गाडीत झालं होतं.

शेवटचं, पुढे-मागे कुठं बसवायचं. फिफ्थ व्हील मागच्या अॅक्सलच्या मध्यापेक्षा थोडं पुढे असावं लागतं, म्हणजे काही भार पुढच्या अॅक्सलवर जातो. किती पुढे ते गाडीच्या कंपनीच्या ड्रॉइंगमधे असतं. माझ्या दुसऱ्या घोड्यावर एका मिस्त्रीनं कंटेनरचा कोपरा केबिनला लागतो म्हणून फिफ्थ व्हील मागे सरकवून दिलं, कोपरा लागणं थांबलं पण कोंढाळीच्या घाटात स्टिअरिंग इतकं हलकं झालं की ओल्या रस्त्यावर गाडी सरळच जायला बघत होती. कोपऱ्याचा हिशोब घरी बसून करता येतो: किंगपिनपासून ट्रेलरच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर १ मीटर, ट्रेलरची अर्धी रुंदी १.२५, दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा, १.६० मीटर. एवढ्या त्रिज्येत कोपरा फिरणार, म्हणून फिफ्थ व्हीलच्या मध्यापासून केबिनची पाठ, सायलेन्सर, सुझी पाईपचा स्टँड, सगळं याच्या बाहेर पाहिजे, शिवाय चार बोटं जागा सोडून. बसत नसेल तर तो ट्रेलर त्या घोड्याचा नाही, फिफ्थ व्हील मागे ओढून जबरदस्ती करू नका.

माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो, त्यानं पिकअपमागे ओढायचा मोठा राहायचा ट्रेलर घेतला, तिकडे त्यालाही फिफ्थ व्हीलच म्हणतात, त्याची हिच, म्हणजे पिन पकडणारी जोडणी, पिकअपच्या डाल्यात मागच्या अॅक्सलच्या वर बसते. त्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर पिन आपलीच, दोन इंची! आणि त्याचा घोळ पण हाच, डाला आखूड, वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला टेकायला येत होता. तिकडे त्याच्यासाठी सरकणारी हिच मिळते, हळू वळवताना मागे घेता येते. तिकडे ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनवर धरतात, आणि त्याच्या पिकअपला तेवढं पाठीवर झेलायची ताकद आहे का हे त्यानं हिच घेतल्यावर विचारलं. मी त्याला सांगितलं की आधी भरलेला ट्रेलर काट्यावर चढव, पिनवर किती येतं ते बघ, आणि मंग पुढची सहल ठरव.

ग्रीसबद्दल. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात थाळी उन्हात तव्यासारखी तापते, साधं ग्रीस पातळ होऊन कडेनं ओघळून जातं, आणि पावसाळ्यात उरलेलं धुऊन निघतं. एक्स्ट्रीम प्रेशरचं, मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइटवालं ग्रीस घ्या. पण ग्रीसपेक्षा महत्त्वाचं, जुनं आधी काढा. उमरेड, वणी, चंद्रपूरकडे कोळशाच्या खेपा मारणाऱ्यांच्या थाळीवर बोट फिरवून बघा, ग्रीस आणि कोळशाची भुकटी मिळून घासकाम करायची पेस्ट झालेली असते, त्याच्यावर नवीन ग्रीस मारलं म्हणजे त्या पेस्टला आणखी बळ दिलं. डिझेल, पोतं, खराटा, पूर्ण साफ, मंग ग्रीस, थाळीवर आणि जॉमधे दोन्हीकडे. कोरडी थाळी असली की स्टिअरिंग जड होतं आणि वळणातून गाडी सरळ व्हायला कुरकुर करते, ही पण एक खूण आहे.

जोडताना ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा साधारण दोन इंच खाली पाहिजे, म्हणजे घोडा मागे येताना ट्रेलरला थोडा उचलून घेतो. लँडिंग लेग जास्त वर असेल तर पिन जॉच्या वरून निसटते आणि प्लेट थाळीवर न टेकता तरंगते, ड्रायव्हरला वाटतं बसली. बुटीबोरीत एमआयडीसीच्या वळणावर असा सुटलेला ट्रेलर मी डोळ्यांनी पाहिला आहे, सुझी पाईप तुटून लोंबत होते आणि सिमेंटच्या गोण्या रस्त्याभर. नुसत्या "खट्ट" आवाजावर विश्वास ठेवू नका. खाली वाकून टॉर्च मारा, प्लेट आणि थाळीच्या मधे उजेड दिसायला नको, जॉ पिनच्या मानेमागे बंद दिसला पाहिजे, हँडल पूर्ण आत आणि त्याची सेफ्टी लागलेली. मंग ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवूनच पहिल्या गिअरमधे घोडा थोडा पुढे ओढून बघा. लेग त्यानंतरच उचला. आणि हँडल बसवायला हातोडी लागली तर तिथंच थांबा, मालकाला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आमच्या गाडीला प्लेट बदलून आता सात महिने झाले, पूर्ण पावसाळा गेला, अॅडजस्टिंग बोल्टला हात लावला नाही. मागच्या रविवारी जॉ परत काढून बघितला, आतून वरपासून खालपर्यंत एकसारखा घासलेला, कड शाबूत. ड्रायव्हरला एक व्हर्नियर घेऊन दिला आहे, दर महिन्याला तोच मोजतो, आणि ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या लांब बीमवर पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहून ठेवलं आहे: प्लेट १०, पिन १० ची, लांबी ८३.५, मान ५०.८. पुढचा कोणताही मिस्त्री पत्रा मारायला आला तर त्यानं आधी ते वाचावं.